भाभींबरोबर बॅडमिंटन

साखरेपायी आईचा पाय घोट्याच्या वर कापला, तेव्हा मी तिच्या उशाशी होते. शुद्धीवर आल्यावर तिने चादर चाचपली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे ती फार जगली नाही. त्यामुळे माझ्या रिपोर्टात साखर वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टर काय सांगतायत ते मला ऐकूच येईना. मी टेबलाखाली स्वतःच्या पावलांकडे बघत होते.

"रोज चालायचं," एवढंच कानावर पडलं.

म्हसळ्यात आमच्या घरासमोर श्रीवर्धनचा रस्ता. एरवी ट्रक, सुट्टीला पर्यटकांच्या गाड्या, वळणावर कुत्री. शाळेत शिकवून आले की पर्स ठेवून तशीच निघायचे. चालताना डोक्यात फक्त आई. ती शिक्षाच होती. पावसाळ्यात तेही सुटलं. दिवाळीनंतर एकदा नखं कापताना उजव्या पायाचा अंगठा कापला गेला. रक्त दिसलं तेव्हा कळलं, दुखलं काहीच नव्हतं.

मी शाळेत रजा टाकली. गोळ्यासुद्धा घेईना. नवरा म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊ या."

"जाऊन काय होणार? आईचं काय झालं?"

तो पलंगाच्या कडेला बसून राहिला.

शेजारच्या भाभी माझ्याहून मोठ्या. मुलगे आखातात, घरात एकट्या. एका संध्याकाळी त्या नातवंडांच्या दोन रॅकेट घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बाई, अंगणात या."

"भाभी, मला बरं नाही."

"मला तरी कुठे बरं हाय? उठा."

नकार द्यायचंही त्राण नव्हतं म्हणून उठले. कपड्यांची दोरी म्हणजे नेट. पहिलं फूल माझ्या कपाळावर आपटलं, दुसरं फणसात अडकलं. भाभींनी ओढणी कमरेला खोचली आणि बांबूने ते पाडलं. मग कधीतरी माझ्या हातून ते दोरीपलीकडे गेलं आणि भाभी ओरडल्या, "मारलंस गो बाय!"

मला हसू फुटलं. मग पायरीवर बसून मी इतकी रडले की श्वास पुरेना. भाभींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "उद्या नमाज झाली की येते."

भीती काही गेली नाही. कित्येकदा झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले, तर त्या खिडकीशी उभ्या राहून हाका मारत. पण खेळताना आई आठवत नसे, ते फूल कुठे पडतंय तेवढंच दिसे. एक दिवस मी आपणहून नवऱ्याला म्हटलं, "चला डॉक्टरकडे."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अनवाणी खेळायला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून बूट घेतले. साखर हळूहळू उतरली. अंगठा मात्र बधिरच राहिला.

मग भाभींच्या एका मुलाने त्यांना आखातात आपल्याकडे नेलं. रॅकेट माझ्याकडे ठेवून त्या गेल्या, त्यांच्या दाराला कुलूप लागलं आणि मी पुन्हा अंथरुणाला खिळले. सकाळी उठून केस विंचरायचीही इच्छा होईना. पुन्हा तिथेच येऊन पडलेय, या विचाराने मी घाबरले. नवरा चहा पीत बसला होता. आयुष्यात कधी घाम गाळला नाही असा माणूस.

"अहो, खेळता का माझ्याशी?"

"मला कुठे येतंय?"

"मलाही येत नव्हतं."

त्याने कप खाली ठेवला आणि लुंगी वर खोचली. फार वाईट खेळला. पण दुसऱ्या दिवशीही आला.