मोडक्या नखाची कोर

माझा बाप चाकावर मडकी काढायचा, पण त्यांना रूप द्यायची ती आई. ओल्या माठाच्या मानेखाली अंगठ्याच्या नखानं ती चंद्रकोरी उमटवायची, एकीला लागून एक, सबंध फेर. तिचं नख मधोमध चिरलेलं होतं, म्हणून प्रत्येक कोर जराशी तुटलेली यायची. सिरसाळ्याच्या बाजारात बाया ती तुटकी कोर बघूनच माठ उचलायच्या. बाप म्हणायचा, "चाक मी फिरवायचं अन् नाव हिचं."

निजामाच्या अमलातल्या त्या प्लेगात आई तीन दिवसांत गेली. दहाव्याला रीतीप्रमाणं घरातली मातीची भांडी दारात काढून फोडली. मी एक गाडगं परकरात लपवलं होतं, तेही आत्यानं ओढून घेतलं. रीत पाळण्यात आमची माणसं मोठी कडक. आई होती तोवर तिला एवढं कुणी जपलं नव्हतं.

मग तिच्या हातचं एखादं तरी भांडं मिळावं म्हणून मी गावातली घरं धुंडाळली. पण साथीनं एकही घर सोडलं नव्हतं, आणि माणूस गेलं तिथली मडकीही गेली होती. उकिरडे खापरांनी भरले. बापाला उसंत नव्हती, जो तो नवं मागायचा. नव्या माठांच्या माना मात्र कोऱ्याच जायच्या.

शेवटी लिंगायत वाण्याच्या घरी गेले. दरसाल कपिलधारला जाणारी ती माणसं. त्यांचा तरणा मुलगा पंधरवड्यापूर्वीच गेला होता, तेव्हा आशा नव्हतीच. पण पडवीत आईचा माठ होता, पाण्यानं भरलेला.

मला बघतच राहिलेली पाहून वाणीणकाकू म्हणाल्या, "आमच्यात सुतक न्हाई पाळत, पोरी. माठ कावून फोडायचा?"

मी एका कोरीत नख टेकवलं. ते लहान पडलं. मला रडू आवरेना, मग काकूही मुलाच्या आठवणीनं रडायला लागल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "घिऊन जा माय. तुज्या आईचा हाय."

मी माठाला घातलेला हात तसाच मागं घेतला. घरी बापाला कालपासून ताप होता.

"नगं काकू," मी म्हणाले, "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं पुन्ना मडकी फुटतील."

जित्या बापाचं मरण मी तोंडानं बोलले, त्याची लाज अजून जात नाही. तो चौथ्या दिवशी गेला.