हिवरतळची चौकी आणि बनुबाई

आमच्या हिवरतळात पोलीस चौकी आणली ती बनुबाई पालवेनेच. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण गावात आता उलटंच सांगतात, की ती पहिल्यापासून चौकीच्या विरोधात होती.

बनुबाईने बावीस हंगाम ऊस तोडला. नवरा, रंगनाथ, फडावरच छातीत कळ येऊन गेला. त्यानंतरही पाच वर्षं ती भावाच्या टोळीबरोबर जात राहिली. गुडघे बोलायला लागले तेव्हा गावात थांबली आणि बायकांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीची सदस्य झाली. सही शिकली ती माझ्याकडे. मी इथल्या शाळेवर मास्तर होतो, निवृत्त झालो तरी इथेच राहिलो.

दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात आणि पाथर्डीकडची आमची गावं रिकामी होतात. बंद घरांवर चोर पडायचे. एका साली तिच्याच घराचा पत्रा उचकटून तांब्याचे हंडे नेले. तिने ग्रामसभेत विषय लावून धरला. “म्हातारी मानसं आन् कुलपं, एवढंच गावात ऱ्हातं. चौकी पायजे म्हंजे पायजे.” अंगणवाडीची जुनी खोली चौकीला एक वर्षासाठी द्यायचा ठराव झाला. खोली झाडून-पुसून दिली तीही तिनेच.

हवालदार वैजनाथ आला. त्याच्या छातीवर काडेपेटीएवढा कॅमेरा होता. सरपंच काकासाहेबांनी लोकांना समजावलं, “लाल बत्ती लागली की समदं टिपलं जातं. आता पोलीस खोटं बोलू शकत न्हाई आन् आपनबी न्हाई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पौषात पाण्याच्या टाकीवरची मोटार चोरीला गेली. बनुबाईच्या शेजारचा सहादेव त्या साली तोडीला गेला नव्हता; बायको बाळंतीण होती. गावात उरलेल्या मोजक्या तरण्या गड्यांपैकी तो एक, म्हणून चौकशीसाठी वैजनाथने त्याला सकाळी दहाला चौकीत नेलं. चारला सोडलं. बनुबाईने पाणी दिलं, तर तांब्या त्याच्या हातात राहीना. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता.

“काय झालं रं?”

“पडलो, मावशे.”

“कुटं?”

डाव्या हाताने तांब्या खाली ठेवून तो घरात गेला. मोटार पुढे दुसऱ्याच गावात सापडली.

बनुबाई तडक चौकीत गेली. “साहेब, त्या येळचं चित्र दाखवा.”

“चार्जिंग संपलं होतं, मावशी.” वैजनाथ अगदी गोड बोलला.

“सकाळच्या धालाच?”

“घरी जा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याची गस्त तिच्या गल्लीत सुरू झाली. ओट्यासमोर येऊन उभा राहायचा. लाल बत्ती चालू. ती भाकरी थापत असो की धुणं वाळत घालत असो, हा उभा. तिच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्याचं तोंड टिपलं जायला लागलं. बायका बसायला यायच्या थांबल्या. मीही दुसऱ्या गल्लीने जाऊ लागलो.

खोलीची मुदत संपत आली होती. एक मेच्या ग्रामसभेला तोडीची माणसं परतलेली असतात. बनुबाई घरोघर हिंडली. खोली पुन्हा द्यायची तर अट घाला, म्हणाली. चौकशीच्या वेळी कॅमेरा बंद ठेवायचा नाही, आणि मागितलं तर चित्र दाखवायचं. ज्याला त्याला पटलं.

शाळेच्या पटांगणात दोनशे माणसं जमली. काकासाहेब म्हणाले, “अट पायजे त्यांनी हात वर करा.”

शंभराच्या वर हात गेले. तेवढ्यात वैजनाथ झाडाखालून उठला. बत्ती लावली आणि पहिल्या रांगेपासून सावकाश चालू लागला. एकेकाच्या तोंडासमोर थांबत. तो पोचला की तिथले हात खाली. मागच्या रांगांतले तर त्याची वाटही बघेनात. माझाही हात खाली आला. चष्मा नीट करायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं.

अकरा हात उरले. सहादेवने डावा वर केला होता. वैजनाथ बनुबाईपुढे आला तशी ती उठून उभी राहिली.

“नीट घ्या, साहेब. बनुबाई रंगनाथ पालवे. वार्ड तीन.”

अट फेटाळली गेली. खोली पाच वर्षांसाठी दिली.

जूनपासून त्या अकरा जणांना बोलावणी येऊ लागली. “सहीला या.” कशाची सही, कुणी सांगेना. तीन-तीन तास बाकावर बसवायचं आणि परत पाठवायचं. दोघं कंटाळून गाव सोडून गेले. सहादेवला दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा त्याची बायको रडत बनुबाईकडे आली. बनुबाईने उरलेल्या सगळ्यांना गोळा केलं. नऊ माणसं चौकीच्या ओट्यावर जाऊन बसली.

“ह्याला एकट्याला आत न्यायचं न्हाई,” ती म्हणाली. “सही समद्यांची घ्या.”

वैजनाथ दारात आला. बत्ती विझलेली होती. बराच वेळ एकेकाकडे बघत राहिला. “सोमवारी या,” म्हणाला. तेव्हापासून दर सोमवारी बोलावणं, आणि दर सोमवारी नऊ जण ओट्यावर.

दिवाळी झाली आणि मुकादमाचा ट्रक आला. नऊ जणांतले सात तोडीला निघाले. सहादेवला कोयता धरवत नाही, तो मागे राहिला. माणसं ट्रकमध्ये चढत होती तेव्हा वैजनाथ चौकीच्या दारात उभा राहून बघत होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

संध्याकाळी बनुबाई माझ्या दारात आली. मी सभेत हात खाली घेतल्याचं तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. तेव्हाही नाही.

“मास्तर, सोमवारी येता का? नुसतं बसायचं.”

सोमवारी मी गेलो. ओट्यावर आम्ही तिघंच. वैजनाथ बाहेर आला, बत्ती लावली आणि थेट माझ्यासमोर थांबला. “नाव?” मी पूर्ण नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. बुधवारी, दहाला, एकट्याने.

मी बनुबाईला कागद वाचून दाखवला. ती पदर खोचत म्हणाली, “एकलं कसं जाल? मी हाय ना.”