मानेवरचे हात

कविता, गाणं आणि पुराणकथांच्या आठवडाभराच्या शिबिराला मी शांतता मिळेल म्हणून आले होते. इथले कथेकरीबुवा रोज संध्याकाळी गोष्ट सांगतात आणि ऐन घावाशी थांबतात. उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी. काल रेणुकेची होती. बापाचा हुकूम झाला, परशुरामाने आईवर परशू उचलला, संबळ असा कडाडला की कानांत रक्त उसळलं. घाव पडला आणि बुवा उठून जेवायला गेले.

पंगतीत शेजारच्या बाई भातात बोटं फिरवत म्हणाल्या, "त्या माउलीला रात्रभर असंच ठेवायचं का हो? डोकं एकीकडे, धड एकीकडे?"

संबळ कडाडला तेव्हा त्यांचा हात मानेवर गेलेला मी पाहिला होता. आजूबाजूच्या कितीतरी जणींचे गेले होते. आपल्या गोष्टींतलं रक्त कधी वाळत नाही, ते ऐकणाऱ्याच्या मानेतून नव्याने वाहतं, असं काहीतरी सुंदर वाक्य मी मनात जुळवत बसले. मग आमटीच्या वाटीकडे हात नेला, तर तळव्यात माझ्याच नखांचे लाल व्रण.

माझा हात मानेवर गेलाच नव्हता. तो परशूचा दांडा आवळून बसला होता.