तेच तेच चेहरे

आमच्या संस्थेचे अहवाल आता संगणकातली कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिते, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बरं लिहिते. शहरातल्या देणगीदारांना जशी भाषा लागते तशी ती न कंटाळता देते. पुढे देणगीदारांनीही कामाचे फोटो तपासायला असंच यंत्र आणलं, तेव्हा मी कुरकुर केली नाही. खोटी कामं दाखवून मदत लाटणारे मी पाहिलेत. म्हटलं, बरंच झालं.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरउतारावर भातखाचरं बांधायची तर पडकई करतात. वाडीतली सगळी घरं मिळून आज एकाच्या शेतात दगड रचतात, माती ओढतात, मग दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही, प्रत्येकाची पाळी येते. त्या दिवसांचं धान्य आमची संस्था पुरवते. यंदा शेवटची पाळी एका मावशींची होती. नवरा गेल्यापासून त्यांच्या खाचराचा बांध फुटलेला. पावसाआधी तो घातला नाही तर उरलीसुरली मातीही ओढ्यात जाणार होती.

नेमकं त्यांचंच धान्य अडलं. यंत्राचा निरोप आला: सगळ्या शेतांच्या फोटोंत तीच माणसं दिसतात, लाभार्थी बनावट असावेत.

माझं डोकं फिरलं. देणगीदारांच्या कार्यालयात फोन लावला. तिथली मुलगी भली होती, पण घाईत. म्हणाली, "सर, सोपं आहे. त्यांचा शेतात एकटीचा फोटो पाठवा, लगेच पास होईल."

मीही म्हटलं, कुठे डोकेफोड करत बसा. वाडीवर गेलो, मावशींना खाचरात उभं केलं आणि बाकीच्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मोबाइल वर धरला, तर मावशी सरळ चालत बाहेर आल्या.

"न्हाई भाऊ, आसा फोटू नगं."

"का हो?"

"एकलीच उभी ऱ्हायले तर वाडीनं वाळीत टाकल्यावानी दिसंल. मानसं हायती की माजी."

"अहो, मग धान्य येणार नाही."

"नाय तर नाय."

मागून एक म्हातारेबुवा म्हणाले, "आमी आपापली भाकर आनू, राव. तुमी नका लई काळजी करू." आणि सगळे कामाला लागले. मी मोबाइल हातात धरून उभा. मला माझीच लाज वाटली.

मग मी सगळ्यांचा फोटो काढला, मावशी मधोमध. तो पाठवून त्या मुलीला पुन्हा फोन केला. "माणसं तीच आहेत," मी म्हटलं. "तीच असायला हवीत. उद्या प्रत्येक शेतात वेगळी दिसली, तर खुशाल धान्य थांबवा."

"पण सर, यंत्राला हे कसं कळणार?"

"त्याला नाही कळत तर तुम्ही बघा."

तिनं खरंच बघितलं. सगळे फोटो शेजारी शेजारी लावले आणि स्वतःच्या अधिकारात मंजुरी दिली. धान्य पोचलं तेव्हा बांध पुरा झाला होता. मावशींनी त्यातलं शिजवून वाडीला जेवू घातलं, मलाही पंगतीत बसवलं.

यंत्रावर आता माझा राग नाही. एक शेत, एक मालक, एवढंच त्याला कोणीतरी शिकवलं होतं. शिकवणारे माझ्यासारखेच असणार.

त्या संध्याकाळी निरगुडसरला घरी परतलो. आमची जमीन बागायती, पाण्याला तोटा नाही. चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद आहे आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. ओसरीवर बसून मोबाइलमधले आमच्या शेताचे जुने फोटो पाहत होतो. प्रत्येकात मी एकटाच. यंत्रानं ते सगळे लगेच पास केले असते.