अळूपाशी लाल डाग

सासूबाईंना मी रॉकेलच्या बोळ्याने पुसून टाकलं. त्या गेल्याच्या दहाव्या दिवशी, पदर खोचून, घासून घासून. तेव्हा मी सातवी पास होते आणि त्या सातवीचा मला केवढा माज!

त्या साली पावसाळा सरल्यावर कल्याणहून एक चित्रकार बाई तीन दिवस वैशाखऱ्याला आमच्या परसात येऊन बसली. सासूबाई रोज दुपारी तिला भाकरी नेऊन द्यायच्या, म्हणून जाताना तिने परसाचं एक चित्र आम्हालाच दिलं. रंग जाड लावलाय, दोन महिने हात लावू नका, म्हणाली. मी चित्राला नाक लावून पाहिलं. हिरवे फराटे, पिवळे ठिपके, पपई म्हणून एक उभी रेघ. बाईला चित्र काढता येत नाही, असा मी निकाल दिला. आमच्या शाळेत कमळ काढलं तर पाकळ्या मोजता यायच्या.

नवऱ्याने ते माजघरात दारासमोर टांगलं. मुरबाडहून कामावरून आला की चपला न काढता दारातच उभा राहायचा, चित्राकडे बघत. मला वाटे, दमलाय.

महिन्याभरात सासूबाई तापाने गेल्या. त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटोने आयुष्य कमी होतं म्हणायच्या. मतदानाच्या कार्डासाठी फोटोवाले आले तर तोंडलीच्या मांडवामागे जाऊन बसल्या होत्या. नवऱ्याने नातेवाइकांकडचे लग्नाचे आल्बम धुंडाळले. कुठे पदर, कुठे पाठ. शेवटी म्हणाला, राहू दे, हार चित्रालाच घालू. मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय. मेल्या बाईचा हार झाडांना?

दहाव्याला पुरुष नदीवर गेले. सुतक फिटायचं म्हणून आम्ही बायकांनी घर सारवलं, अंथरुणं धुतली. हार चढणार, तर चित्रही स्वच्छ हवं. खाली अळूपाशी एक लाल डाग होता, त्यावर पांढरट टिपका. कुणाचं तरी बोट लागून रंग फिसकटला असणार. कंदिलाची काच पुसायचा बोळा हाताशी होता. डाग गेला, बाजूचं थोडं अळूही गेलं. मी जावेला कौतुकाने दाखवलंसुद्धा.

नवरा आला तो डोकं भादरलेला, ओल्या पंच्यात. दारात थांबला. मग त्याने हळूच विचारलं, अळूपाशी आई बसली होती, ती कुठे गेली.

मी म्हटलं, तिथे डाग होता, पुसला.

तो ओरडला नाही. माझं मनगट धरून मला दारात उभं केलं. तिथून चित्रातल्या पपईची पानं हलत होती, मांडवाखाली सावली होती, न्हाणीचं पाणी अळूत शिरताना चमकत होतं. आणि अळूपाशी, लाल लुगडं नेसून सासूबाई बसायच्या तिथे, राखाडी पुसट भोक. ते परस पुढे रस्त्यात गेलं. भोक अजून भिंतीवर आहे.

मनगट सोडून तो म्हणाला, "इतकं दिस घरात टांगलंय, दारातनं एकदा तरी बघितलंस काय गो?"