रविवारचा ब्रेड

कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पाला जाणारी आमच्या कंपनीची बस दोह्याहून पहाटे निघते. बसमध्ये सहसा कुणी बोलत नाही. काहीजण झोपतात, उरलेले मोबाइल बघतात. माझ्या शेजारच्या सीटवर गेली काही वर्षं एक व्हिएतनामी माणूस बसतो. प्लँटमध्ये तो वेल्डिंगची तपासणी करतो आणि मी इन्स्ट्रुमेंटच्या विभागात आहे. कामात आमचा संबंध फारसा येत नाही. आमची ओळख झाली ती त्याच्या डब्यामुळे.

शटडाउन चालू होता, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवलेला. अशा दिवसांत जेवणाची वेळ कुणाच्याच हातात नसते. परतीच्या बसमध्ये मी उपाशीपोटी बसलो होतो. त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेला लांबट ब्रेड काढला, मधोमध मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. मी एकदा नको म्हटलं, पण दुसऱ्यांदा म्हटलं नाही. वरचं कवच दाताखाली मोडलं आणि आत आंबटगोड गाजर लागलं, मुळा लागला, कोथिंबीर, हिरवी मिरची, खाली कोंबडीचे तुकडे. मी घास तसाच धरून खिडकीबाहेर बघत बसलो. मला मिरज आठवलं होतं. त्याला ते समजावून सांगणं अवघड होतं, म्हणून एवढंच म्हणालो, "छान आहे. कुणी केलं?"

"मीच," तो म्हणाला. "बान मी. सोपं असतं. घरी ये, दाखवतो."

मिरज का आठवलं, ते आधी सांगायला हवं. मी पहिलीत की दुसरीत असताना आई एस.टी.तून उतरताना पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, साखर कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेलं. वडील कारखान्यात काट्यावर कामाला होते. आईला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, आणि ती कित्येक महिने तिथेच राहिली. तेव्हा मोडलेलं हाड जुळवायला पायाला वजन बांधून ठेवत. आईच्या पायाला दोरी बांधलेली होती, ती खाटेच्या टोकाच्या कप्पीवरून खाली आली होती आणि तिला विटा लोंबत होत्या. मी त्या विटांना हात लावू नये म्हणून वडील मला खाटेच्या डोक्याकडे बसवत.

घर आत्या सांभाळत होती. दर रविवारी वडील मला घेऊन मिरजेला जायचे. आत्या सोबत भाकरी द्यायची, एखादी सुकी भाजी आणि बरणीत गाजराचं लोणचं. लिंबू पिळलेलं, मोहरी फेसलेलं, चार दिवसांत संपवायचं असं ते लोणचं. आम्ही पोचलो की आई खाटेजवळच्या लोखंडी कपाटातून कागदाची पुडी काढायची. त्यात मस्का लावलेले ब्रेडचे स्लाइस असायचे. दवाखान्यात सकाळी दुधाबरोबर ब्रेड मिळायचा, त्यातला तो ठेवलेला. आई त्यावर गाजराचं लोणचं पसरायची, दुसरा स्लाइस वर ठेवून दाबायची आणि माझ्या हातात द्यायची. आमच्या घरी ब्रेड कधी येत नसे. ब्रेड हे आजारी माणसाचं खाणं अशी समजूत होती. मस्का, आंबट गाजर आणि मऊ ब्रेड, असं काही मी त्याआधी खाल्लेलं नव्हतं. पुढेही बरीच वर्षं खाल्लं नाही, कारण आई बरी होऊन घरी आली आणि ब्रेड बंद झाला.

या आठवणीचा अर्थ मी मोठेपणी माझ्यापुरता लावून टाकला होता. आई स्वतःच्या तोंडचा घास बाजूला ठेवून माझ्यासाठी जपायची. लग्न ठरल्यावर बायकोला मी आईची जी पहिली गोष्ट सांगितली, ती हीच. बायको पुण्याची. तिने ती मन लावून ऐकली होती, आणि पुढे आईशी तिचं कधी बिनसलं की मी तीच गोष्ट पुन्हा सांगायचो. त्याचा उपयोगही व्हायचा.

तर त्या व्हिएतनामी मित्राकडे मी एका शुक्रवारी गेलो. तो दोह्यात एका जुन्या इमारतीत एकटाच राहतो, बायकामुलं गावी. ओटा छोटा, पण स्वच्छ. त्याने गाजर आणि मुळा काडेपेटीतल्या काड्यांसारखा कापला, मीठ चोळलं आणि थोड्या वेळाने मला मुळा पिळायला लावला.

"जोरात पीळ," तो म्हणाला. "मुळ्याची दया आली की लोणचं मऊ पडतं."

मग व्हिनेगर, साखर आणि कोमट पाणी. त्यांच्याकडे आत डुकराचं मांस घालतात. इथे ते साध्या दुकानात मिळत नाही, म्हणून तो कोंबडी घालायचा. लसूण, सोया सॉस आणि साखर लावून भाजलेली. ब्रेडला लावायला त्याने कलेजी कांद्याबरोबर परतून वाटून ठेवली होती. मी विचारलं, ब्रेड कुठून आणतोस? त्यावर तो हसला. इथल्या प्रत्येक बेकरीत अरबी समून मिळतो, तोच लांबट मऊ पाव. तो त्यावर ओला हात फिरवायचा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा. बाहेर काढला की कवच कुरकुरीत झालेलं असे.

"गावी असं चालत नाही," तो म्हणाला. "पण इथे गाव नाही."

मी घरी करायला लागलो. आधी उगाच स्वतः ब्रेड भाजायचा प्रयत्न केला, तो दगडासारखा झाला. मग निमूटपणे समून आणायला लागलो. माझ्या सुट्टीच्या दिवशी बायको ओटा माझ्या ताब्यात देऊन बाहेरच्या खोलीत बसायची. मुलीला तो प्रकार फार आवडला. ती चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. कलेजी मात्र ती बोटाने पुसून काढायची.

या हिवाळ्यात आई आली. वडील गेल्यापासून ती दर हिवाळ्यात काही आठवडे आमच्याकडे असते. पाय आता बराच ओढत चालते, पण घरात बसून राहणं तिला जमत नाही. संध्याकाळी आम्ही तिला दोह्याजवळच्या लुसैलला समुद्राकाठी फिरायला नेतो. ती बाकावर बसते, टॉवर बघते आणि विचारते, "एवढ्यात राहतं कोण रे?" मला ते नक्की माहीत नाही, असं मी सांगतो.

एका शुक्रवारी दुपारी मी बान मी करायला घेतले. आईने मांसमच्छी सोडली आहे, अंडं चालतं. तिच्यासाठी मिरी घालून पातळ ऑम्लेट केलं. मनात थोडी तयारी होती, हे कबूल करायला हरकत नाही. ब्रेड, मस्का, आंबट गाजर. मी तिच्या समूनला कलेजीऐवजी मुद्दाम लोणी लावलं. खाताना तिला आठवेल, ती काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं.

आईने समून दोन्ही हातांत धरला, एक घास खाल्ला, बराच वेळ चावला.

"गाजर बरं लागतंय," ती म्हणाली. "मोहरी पाहिजे होती."

"आई, मिरज आठवतंय का?" मी विचारलं. "दवाखान्यात तू मला ब्रेडला लोणचं लावून द्यायचीस."

"आठवतंय की."

"स्वतःचा ठेवून द्यायचीस माझ्यासाठी," मी म्हणालो, थोडं मुलीला ऐकू जावं म्हणून.

आईने समून ताटलीत ठेवला. "माझा कुठला? माझा मी खायचे," ती म्हणाली. "हाड जुळायला लागलं की भूक लागते बघ मरणाची. माझं ताट तर मी पुसून खायचे. तो ब्रेड शेजारणीचा."

"कोण शेजारीण?"

"अरे, शेजारच्या खाटेवरची. कर्नाटकातली बाई होती ती. कंबरेचं दुखणं होतं तिला. तुला आठवत नाही होय?"

मला खरंच आठवत नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला. विटा आठवल्या, कप्पी आठवली, फिनेलचा वास आठवला. शेजारची खाट आठवली नाही.

आईने मग सांगितलं ते असं. पहिल्या रविवारी मी वॉर्डात शिरलो तेव्हा त्या बाईचं सकाळचं ताट तसंच पडलेलं होतं, आणि मी आईकडे न बघता त्या ताटाकडे टक लावून उभा राहिलो. वडिलांनी मला मागे ओढलं. त्या बाईने ब्रेड उचलून माझ्यापुढे धरला. मी घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. आईला लाज वाटली, पण पलंगावरून उठता येत नव्हतं. पुढच्या रविवारपासून आम्ही यायच्या आधीच ती बाई ब्रेड कागदात गुंडाळून आईकडे सरकवून ठेवायची.

"तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं," आई म्हणाली. "ती बोट दाखवायची, मी हसायचे. तिला भेटायला कोणी यायचं नाही. आत्याची भाकरी मी तिला द्यायचे. ती भाकरी खायची, तू ब्रेड खायचास. झालं."

मुलीने खाणं थांबवलं होतं. "वॉट वॉज हर नेम?" तिने विचारलं.

प्रश्न आईला कळला. "अक्का म्हणायचो," ती म्हणाली. "सगळेच अक्का म्हणायचे. नाव माहीत नाही."

"मग तिचं काय झालं?" मी विचारलं.

"एका सकाळी तिला ऑपरेशनला नेलं. परत आणलं नाही. दुसऱ्या वॉर्डात टाकलं असं नर्स म्हणाली. खरं असेल. मी विचारायचे, पण चालता येत होतं का मला? तिच्या खाटेवर दुसरी आली."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी तिला वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्ट तिच्या डोक्यात चालू असणार, हे मला दिसत होतं.

"पण त्यानंतरही मी ब्रेड खाल्लाय," मी म्हणालो. "तू घरी येईपर्यंत खाल्लाय. मला पक्कं आठवतंय."

"मग पुढं माझ्यातला ठेवायला लागले," आई सहज म्हणाली. "तुला सवय लागली होती ना. तुला काही फरक कळला नाही. मला मात्र रविवारी दुपारपर्यंत भूक लागायची."

हे बोलताना तिच्या आवाजात काही नव्हतं. तक्रार नव्हती आणि कौतुकाची अपेक्षाही नव्हती. माझी गोष्ट अर्धी खोटी होती आणि उरलेली अर्धी खरी. खरा अर्धा भाग तिने मी विचारल्याशिवाय सांगितला नसता.

"इतकी वर्षं बोलली नाहीस कधी," मी म्हणालो.

"तू कधी विचारलंस?"

"आणि घरी आल्यावर ब्रेड का बंद केलास? मला वाटायचं, दवाखान्याची आठवण नको म्हणून."

आईला हसू आलं. "तुझ्या बाबांना ब्रेड आवडत नव्हता. चिकट लागतो म्हणायचे. आणि बेकरी कुठं होती आपल्या गावात?"

तिने उरलेला समून खाल्ला, पण कडेचं कवच काढून ठेवलं. हिरड्यांना टोचतं म्हणाली. मग हात धुऊन बाहेर जाऊन बसली. मुलगी तिच्या मागून गेली. थोड्या वेळाने मला ऐकू आलं की मुलगी इंग्रजीत विचारते आहे, पायाला विटा का बांधायच्या, रक्त यायचं का, झोपायचं कसं. आई मराठीत उत्तरं देत होती. झोपायचं कसं, हे तिने बहुतेक सोफ्यावर पाय लांब करून दाखवलं, कारण दोघी हसल्या. मी ओटा पुसला.

त्या दिवशी मला वाईट वाटलं का, असं बायकोने नंतर विचारलं. मी विचार करून सांगितलं, फार नाही. थोडं चुकल्यासारखं वाटलं. ज्या बाईच्या हातचं मी इतक्यांदा खाल्लं तिचा चेहरा माझ्याकडे नाही, आणि तो आठवून बघावा एवढंही तोवर सुचलं नव्हतं. आता कितीही बसून आठवलं तरी तो येणार नाही. बायको म्हणाली, "तू सहा-सात वर्षांचा होतास." ते बरोबर आहे.

पुढच्या शुक्रवारी आई स्वतः स्वयंपाकघरात आली. गाजर आणि मुळा किसणीवर किसू लागली. मी म्हटलं, काड्या करायच्या असतात. तिने ऐकलं नाही. व्हिनेगर बाजूला सारून लिंबू पिळलं, मोहरी फेसून घातली. कलेजीच्या जागी शेंगदाण्याची लाल चटणी दह्यात कालवून समूनला फासली. वर ऑम्लेट, काकडी, कोथिंबीर. ओव्हनवरही तिचा विश्वास नव्हता. तव्यावर थोडं तेल सोडून समून दोन्हीकडून भाजला आणि वर उलथन्याने दाबला. मुलीने दोन खाल्ले. मीही.

दुसऱ्या दिवशी एक फॉइलमध्ये गुंडाळून बसमध्ये मित्राला दिला. त्याने उघडून वास घेतला, एक घास खाल्ला, सावकाश.

"कुणी केलं?" त्याने विचारलं.

"आईने."

"हे बान मी नाही," तो म्हणाला, आणि सगळा संपवला. मग हात पुसत त्याने विचारलं की तुझी आई किती दिवस आहे. मी म्हटलं, अजून आठवडाभर. तो म्हणाला, माझी आई विमानात बसायला घाबरते. पुढचा बराच वेळ तो तिच्याबद्दलच बोलत राहिला. ती पहाटे बाजारात कसली तरी नूडल्स विकायची आणि उरलेली घरी आणायची, रोज तीच, इतकी वर्षं, की त्याला आता ती खाववत नाहीत. रास लफानच्या चिमण्यांवरच्या ज्वाला दिसू लागल्या तशी बसमधली माणसं हेल्मेट शोधू लागली, आणि त्याने वाक्य अर्ध्यावर सोडून बॅग उचलली.