उजवीकडून

भिजलेल्या पोह्यांत खोबरं, साखर, वेलची कालवली की आमच्या सणाच्या मलिद्याचा वास सुटतो आणि माझा हात थांबतो. सोलापुरात आम्हा ज्यूंची घरं मोजकीच. मुलांना हिब्रू यावं म्हणून वडिलांनी मुंबईच्या सिनेगॉगला पत्र टाकलं, तर उत्तर आलं, निदान सहा मुलं असतील तरच गुरुजी पाठवू. आम्ही पाच होतो. तुमची मुलगी सहावी म्हणून बसवू का, असं आईनं भीतभीत शेजारच्या चाचीला विचारलं. "बिठाव की, पढनेकूच बुला रहे ना," चाची म्हणाली आणि तिची मुलगी आमच्या सतरंजीवर येऊन बसली. गुरुजी आले त्या दिवशी घरात मलिदा होता. युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलीत त्यांची सगळी माणसं गेली होती. त्यांनी हिब्रू अक्षरं काढून दाखवली आणि पाटीवर उतरवायला सांगितली. आम्ही पाचही जणांनी मराठीसारखी डावीकडून सुरुवात केली, उर्दू शिकणाऱ्या तिनं मात्र उजवीकडून. हिब्रूही उजवीकडूनच लिहितात. गुरुजी खुलले. "ये किसकी बेटी?" वडिलांनी मान खाली घातली. "शेजारची आहे हो, मुसलमानांची," आई कशीबशी म्हणाली. गुरुजींनी तिची पाटी हातात घेतली. मग थकल्या आवाजात म्हणाले, "मेरी पूरी क्लास में से मैं अकेला बचा. बैठने दो इसको." आता आमच्यातले चौघं इस्रायलला गेले. एकटीनं प्रार्थना म्हणायचा मला शीण येतो, अक्षरंही विसरायला होतं. अडलं की शेजारी हाक मारते. चाचीची लेक चष्मा पुसत येते, माझ्या पुस्तकावर उजवीकडे बोट ठेवते आणि म्हणते, "हितनं वाच की."